छातीचं ऑपरेशन, कोल्हापूर: पाचातले दोन तारे

पुरुषाची बाईसारखी वाढलेली छाती (गायनेकोमॅस्टिया) सपाट करायचं ऑपरेशन करून घेतलं, त्याला पाचपैकी दोन तारे देतोय. एक तारा सिस्टरना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना, दुसरा उजव्या बाजूला जेवढं काम जमलंय तेवढ्याला. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण दुरुस्तीबद्दल त्यांच्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे आणि तो मिटेपर्यंत मला कडाक्याचं भांडण नको आहे. पण पुरुषाच्या छातीच्या ऑपरेशनबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते सगळं ‘सकाळी या, संध्याकाळी घरी, आत्मविश्वास परत’ याच चालीवरचं. निकाल मनासारखा लागला नाही तर पुढं काय, हे कोण लिहीत नाही. म्हणून लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर मिरजेच्या भागापर्यंत थेट उतरा.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग तपासायचं, पास-नापास करायचं. नववीत असल्यापासून माझ्या दोन्ही निपलच्या मागं गाठ होती. वयात येताना निम्म्याहून जास्त पोरांना थोडीफार येते आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची आपोआप जिरते. माझी जिरली नाही. ज्याला हे आहे त्याला बाकीचं सांगायला नको: शर्टाखाली दोन बनियन, त्यातला एक नंबरानं लहान; खिसा असलेले चेक्सचेच शर्ट; खांदे पुढं पाडून चालणं. पेठेतल्या टीमकडून फुटबॉल खेळायचो. पाऊस लागला की बाकीच्यांना जोर चढायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा, कारण भिजलेली जर्सी काहीच झाकत नाही. मॅच संपली की सगळी पोरं मैदानातच जर्सी काढून डोक्यावर गुंडाळायची, मी घामट तसाच घरी.

‘व्यायामानं जाईल’ हे तालमीतल्या वस्तादांपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. नुसती चरबी असती तर गेली असती. ही स्तनाची ग्रंथी असते, दंड-बैठका मारून ती वितळत नाही. उलट खालचा स्नायू भरला की वरची गाठ आणखी पुढं दिसते.

मग लग्नाची बोलणी सुरू झाली आणि मला रात्री एकच चित्र दिसायला लागलं: हळद. आमच्याकडं नवरदेवाला उघडा करून पाटावर बसवतात आणि मावश्या, आत्या, वहिन्या, शेजारपाजारच्या काकू सगळ्या हात साफ करून घेतात. वर मोबाइलवर शूटिंग. हे मी फक्त दाजींना सांगितलं. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, मार्केट यार्डात अडत दुकान. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एवढंच न्हवं? मग करून टाकूया की मर्दा. घरात काय सांगायचं ते मी बघतो.” घरात त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. आईनं गल्लीतल्या चार घरी ते पोचवलं आणि अजूनही एक आजोबा मला भेटले की पट्टा कुठनं घेतलास विचारतात.

सेंटर बघायला झकास आहे. एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवरच्या टीव्हीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो अखंड फिरत असतात. पहिली भेट डॉक्टरांशी होत नाही, काउन्सेलर मॅडमशी होते. सर्जन बाहेरगावचे, ठरावीक वारी येणारे. कोल्हापुरात हे नवीन नाही, कित्येक स्पेशालिस्ट पुण्या-बेळगावहून व्हिजिटला येतात आणि त्यांच्यामुळं आपली पुण्याची खेप वाचते, त्यामुळं या गोष्टीला माझा आक्षेप नाही. आक्षेप पुढं आहे. पॅकेज पंचाहत्तर हजार, वर १८ टक्के जीएसटी. इलाजाला जीएसटी नसतो, पण दिसणं सुधारायच्या सर्जरीला लागतो आणि हे बिल त्या खात्यात गेलं. मेडिक्लेमचंही तेच. कॉस्मेटिक सर्जरी हा पॉलिसीतला छापील अपवाद आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना असेल किंवा वैद्यकीय गरज डॉक्टरनं लिहून दिली असेल तरच कंपनी विचार करते. कंपनीच्या एचआरला जाऊन ‘छातीसाठी क्लेम बसतो का’ असं विचारायची हिंमत किती जणांत असते, ते सोडून द्या.

डॉक्टर भेटले. चिमटीत धरून गाठ तपासली, केसपेपरवर ‘ग्रेड २ ए’ लिहिलं. ही प्रतवारी सायमन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडलेली आहे. एक म्हणजे किरकोळ वाढ. दोन ए म्हणजे मध्यम वाढ, जादा कातडी नाही. दोन बी म्हणजे मध्यम वाढ आणि कातडीही सैल. तीन म्हणजे भरपूर वाढ आणि लोंबती कातडी. माझं दोन ए, म्हणजे त्यांच्या भाषेत सोपी केस. रक्त घेतलं, ईसीजी काढला, साखर, एचआयव्ही, कावीळ, म्हणजे भूल द्यायला जे लागतं तेवढं सगळं. हार्मोनची एकही तपासणी नाही, आणि कुठली गोळी चालू आहे का हा प्रश्नही सर्जनकडून नाही, तो भूलतज्ज्ञांकडून आला. ही गोष्ट मला तेव्हा खटकायचं कारण नव्हतं, ती नंतर कळली.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल तक्रार नाही. सकाळी उभं करून मार्करनं छातीवर रेषा मारल्या, समोरून-बाजूनं फोटो काढले. भूल देणारे डॉक्टर स्वतः स्टूल ओढून बसले, दमा आहे का, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, शेवटचं काय खाल्लंस, सगळं खोदून विचारलं, वर ‘घाबरू नको, उठलास की पहिला मीच दिसणार’ म्हणाले आणि खरंच तेच दिसले. काम कसं करतात ते थोडक्यात: काखेकडच्या बाजूला बारीक छेद देऊन सलाईनमध्ये लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनॅलिन मिसळून आत सोडतात, त्यानं दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात. मग नळीनं चरबी ओढून घेतात. ग्रंथी चिवट असते, ती नळीतून सहसा येत नाही. तिच्यासाठी निपलभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला अर्धचंद्र चीर देतात. ही चीर वेबस्टर नावाच्या सर्जननं १९४६ साली लिहून ठेवली, आजही बहुतेक जण तीच वापरतात, कारण व्रण काळ्या-गोऱ्या कातडीच्या सीमेवर लपून जातो. माझेही व्रण लपलेत. त्याचे पैसे वसूल.

आत साठणारं रक्त-पाणी बाहेर यायला रात्री ड्रेन लावलेला होता, दोन्ही बाजूंना नळ्या आणि खाली लोंबणारे डबे. सिस्टर गडहिंग्लजकडच्या, बोलणं अगदी घरच्यासारखं. लघवीला उठताना नळी ओढली जाऊ नये म्हणून त्यांनी डबे बंडीच्या खिशात कसे घालायचे ते दाखवलं. पाचपैकी जे दोन तारे दिलेत त्यातला एक खरं तर यांचाच अख्खा आहे, डॉक्टरसाहेब रागावणार नाहीत.

प्रेशर व्हेस्टबद्दल स्वतंत्र लिहायला पाहिजे. छातीला आवळून धरणारा बिनबाह्यांचा कोट, पुढं हूक आणि त्यावर चेन. चार ते सहा आठवडे घालायचा, आंघोळीपुरता काढायचा. सेंटरनं पॅकेजबाहेर साडेतीन हजारांना एकच दिला, नंबर एलच्या खाली उपलब्ध नाही म्हणून एल. एप्रिल महिना. एक धुवायला टाकला तर दुसरा नाही, आणि ढिला असल्यामुळं बसलं की खालची कड वर सरकून बरोबर निपलच्या खाली घडी पडायची. ती घडी काढायला मी दिवसभर शर्टात हात घालून. भट्टीजवळ उभं राहणं शक्यच नव्हतं, साहेबांनी लॅबमध्ये बसवलं म्हणून निभावलं. शेवटी दाजींनी सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या एका सर्जिकल दुकानातनं एम नंबरचा निम्म्या किमतीत आणला. दुकानदारानं माप घ्यायला टेप मागितली, जी सेंटरमध्ये कुणाच्या हातात दिसली नव्हती. ऑपरेशन करणार असाल तर दोन व्हेस्ट घ्या, छातीचं माप घेऊन घ्या आणि शक्य असेल तर उन्हाळा टाळा.

आता निकाल.

पहिले काही आठवडे मी हवेत होतो. सपाट. पांढरा टी-शर्ट घालून मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकापर्यंत उगाच चालत गेलो, खांदे मागं टाकून. पण सुरुवातीचा सपाटपणा खरा नसतो. आत सूज असते आणि ती खड्डेही भरून ठेवते. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, आणि ती उतरायला लागली तसं डाव्या निपलच्या मागं खोलगट दिसायला लागलं. हात खाली सोडले की थोडं. हात वर केले, टी-शर्ट काढायला जसे करतो तसे, की निपल आत ओढलं जातं आणि भोवतीच्या कातडीला सुरकुत्या पडतात, कारण ती कातडी खालच्या स्नायूला चिकटलीय. फाउंड्रीत याला आम्ही श्रिंकेज म्हणतो, आतला माल कमी पडला की वरचा पृष्ठभाग खाली बसतो. व्यवसायाची खोड म्हणा, मी व्हर्नियरची, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनाची, खोली मोजायची डेप्थ रॉड लावून बघितली. हात खाली असताना तीन-चार मिलिमीटर, वर केल्यावर जवळजवळ दुप्पट. उजवीकडं उलटी गोष्ट, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ग्रंथीचा एक तुकडा राहून गेलाय, बोटाला सुपारीएवढा लागतो. म्हणजे एकीकडं जास्त काढलं, दुसरीकडं कमी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हातानं.

सेंटरला फोन केला. ‘सर, स्वेलिंग आहे, मसाज करा.’ महिन्यानं परत केला. ‘सर, वजन वाढलंय का?’ वजन वाढलं नव्हतं, आणि वजन वाढून खड्डा कसा पडतो हे मला अजून कळलेलं नाही. सर्जनच्या वारी प्रत्यक्ष गेलो. त्यांच्याऐवजी असिस्टंट भेटले, त्यांनी मला भिंतीला उभं करून फोटो काढला आणि स्क्रीनवर आधीचा-नंतरचा शेजारी लावून दाखवला. “बघा, किती फरक आहे.” फरक होता, आणि प्रचंड होता, ते मी नाकारत नाही. पण तो फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला, हात कमरेवर. समोरून प्रकाश टाकला की कुठलाही खड्डा गायब होतो. आमच्याकडं नवीन ट्रेनी पोराला पहिली गोष्ट हीच शिकवतात: कास्टिंगचा पृष्ठभाग बघताना टॉर्च समोर धरायची नाही, आडवी, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरायची. मग सावली पडते आणि सगळं उघडं होतं. मी खिशातनं मोबाइल काढला, टॉर्च लावली आणि काखेच्या बाजूनं छातीवर आडवी धरली. डावीकडं काळी वाटोळी सावली पडली. असिस्टंट डॉक्टर थोडा वेळ बघत राहिले. “घरी असं कोण टॉर्च मारून बघणार आहे सर?” असं म्हणाले.

माझा एक तारा तिथं गेला. खड्डा पडल्याबद्दल नाही. खड्डा कुणाच्याही हातून पडू शकतो, जगातल्या चांगल्या सर्जनच्या हातूनही पडतो, आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर बारीक अक्षरांत ‘कंटूर इररेग्युलॅरिटी’ (म्हणजे आकारात उंचसखलपणा) असं छापलेलंही होतं. पण आमच्याकडून खराब माल गेला आणि गिऱ्हाईकानं परत पाठवला, तर पहिल्या दिवशी कबुली जाते, मग कारण शोधलं जातं, मग दुरुस्तीची तारीख. लोखंडाच्या तुकड्याला एवढी सोय आहे. इथं विक्रीसाठी काउन्सेलर, पैशासाठी ईएमआयवाला, ड्रेसिंगसाठी सिस्टर, पण ‘हो, इथं चुकलंय’ एवढं म्हणायला पगारावर माणूसच ठेवलेला नाही.

तो मधला काळ वाईट गेला. पूर्वी आरसा टाळायचो, आता आरसा सुटेना. बाथरूममध्ये, गाडीच्या काचेत, मोबाइलच्या काळ्या स्क्रीनमध्ये. पैसे घालून आपण एक न्यून देऊन दुसरं विकत आणलं असं वाटायचं. ताईला तोवर खरं कळलं होतं. ती म्हणाली, “अरे, आता शर्टातनं काहीच दिसत नाही, कुणाला कळणारे?” तिचं बरोबर होतं आणि तरी त्याचा उपयोग नव्हता. दाजींचं म्हणणं वेगळं. “तोंडी बोलून कायबी हुत नसतंय. दुसऱ्या डॉक्टराला दाखव आणि यांच्याकडनं समदं लेखी घे.”

तर मिरज. कोल्हापूरकराला दुसरं मत घ्यायचं असलं की तो मिरजेची पॅसेंजर धरतो, आजोबांच्या काळापासूनची रीत आहे. तिथल्या एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं. साधा दवाखाना, टीव्ही नाही. नाव त्यांचंही लिहीत नाही, कारण एकाचं झाकायचं आणि दुसऱ्याची जाहिरात करायची हे मला पटत नाही. यांना पाचपैकी पाच.

पहिलं म्हणजे त्यांनी उभं करून फक्त बघितलं नाही. हात खाली, हात कमरेवर दाबून छाती कडक कर, हात वर, पुढं वाक. प्रत्येक वेळी बाजूला येऊन बघायचे. मग म्हणाले, “डावीकडं खड्डा आहे. उजवीकडं थोडी ग्रंथी राहिलीय. दोन्ही खरं आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत.” एवढ्या महिन्यांत हे वाक्य कुणी पहिल्यांदा उच्चारलं. मला वाटलं होतं मी चिडेन, पण हलकं वाटलं.

मग कारण समजावून सांगितलं. ग्रंथी काढताना निपलच्या मागं साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीची चकती मुद्दाम ठेवावी लागते. ती निपलला आधार देते आणि तिच्यातूनच रक्तपुरवठाही सांभाळला जातो. पेशंटला ‘सगळी काढा’ हवं असतं आणि सर्जनलाही परत उगवल्याची तक्रार नको असते, म्हणून चकती पातळ होत जाते किंवा उरतच नाही. मग वरची कातडी थेट स्नायूवर बसते, चिकटते, आणि स्नायू हलला की तिला आत ओढते. पुस्तकात याला बशीसारखा खड्डा असंच नाव आहे. ऑपरेशननंतर आत रक्त किंवा पाणी साठलं आणि ते वेळेत काढलं नाही, तरी आतून व्रण धरून असंच चिकटू शकतं.

दुरुस्ती काय, तर पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी सुईनं काढायची, स्वच्छ करायची, चिकटलेला भाग सोडवून त्याखाली थर-थरानं भरायची. ती सगळी टिकत नाही, बराच भाग, कधी निम्म्यापर्यंत, अंगात जिरतो. त्यामुळं एकदा करून भागेल असं ते छातीठोकपणे म्हणाले नाहीत. उजवीकडं जुन्याच चिरेतून शिरून उरलेला तुकडा काढायचा, पण तिथलाही थोडा ठेवून, नाहीतर डावीकडचीच गोष्ट उजवीकडं. आणि हे आत्ता नाही. पहिल्या ऑपरेशननंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्ष जाऊ दे, आतला व्रण मऊ पडू दे, तोवर चिकटलेल्या जागेला बोटानं रोज मालिश. म्हणजे मालिश सेंटरनंही सांगितली होती आणि ती योग्यच होती, पण तिनं व्रण मऊ होतो, खड्डा भरत नाही, हा भेद त्यांनी गाळला होता.

त्यानंतर असे प्रश्न जे सेंटरच्या सर्जननं मला पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते. जिममधली कुठली पावडर, गोळी, इंजेक्शन? केसगळतीची फिनास्टेराइड? पित्ताची, बीपीची, झोपेची, मानसिक आजाराची गोळी? स्पिरोनोलॅक्टोन, सिमेटिडिन, रिस्पेरिडोन, केटोकोनॅझोल, जिममधली स्टिरॉइड्स, या सगळ्यांनी छाती वाढू शकते, आणि औषध चालूच राहिलं तर ऑपरेशननंतरही परत येऊ शकते. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइडचे आजार आणि वृषणातली गाठ हीही कारणं असतात, म्हणून त्यांनी खालचीही तपासणी केली, संकोच न करता, दोन वाक्यांत. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच या हार्मोनच्या तपासण्या, यकृताची तपासणी, सगळं लिहून दिलं. माझे सगळे रिपोर्ट ठीक आले. बहुतेकांना कारण सापडतच नाही, पण बघायला तर पाहिजे.

शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “दिवसातनं किती वेळा आरशात बघतोस?” मी हसून टाळलं. ते हसले नाहीत. झोप कशी आहे, कामावर लक्ष लागतंय का, लग्न ठरलंय का, सगळं विचारलं. महिन्यातनं एकदा, एकाच जागी, खिडकीच्या आडव्या उजेडात, हात खाली आणि हात वर असे फोटो काढायचे आणि मधल्या दिवसांत मोजमाप बंद, व्हर्नियर कारखान्यात ठेवायची, असं बजावलं. (व्हर्नियरचं मी सांगून बसलो होतो.) “दुरुस्तीनंतर नव्वद टक्के बरं झालं आणि दहा टक्के राहिलं, तर तुला चालेल का? चालणार नसेल तर मी चीर देणार नाही,” असंही म्हणाले. पैसे घेणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकायची सवय नव्हती. फी घेतली ती एका वेळची.

त्यांना पहिल्या ऑपरेशनची टिपणं हवी होती: किती ग्रॅम ग्रंथी काढली, किती चरबी ओढली, निपलमागं किती ठेवलं. सेंटरला फोनवर मागितली तर ‘सिस्टीममध्ये आहे सर, बघतो.’ दाजींच्या सांगण्याप्रमाणे साधा अर्ज लिहून नेला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागितला. शिक्का मागितला की वातावरण बदलतं, हे सरकारी कचेरीइतकंच इथंही खरं. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे नियम आहेत, त्यात पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असं स्पष्ट आहे. तो उल्लेख अर्जात होता. कागद मिळाले. त्यात एका ओळीत ‘दोन्ही बाजूंची ग्रंथी पूर्ण काढली’ एवढंच, वजन नाही, चकतीचा उल्लेख नाही. त्याच फाइलमध्ये पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सापडला, ज्याचे पैसे मी पॅकेजमध्ये भरले होते आणि जो मला कधी दाखवला गेला नव्हता. साधी वाढ, घातक काही नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या दर शंभरात साधारण एक पुरुष असतो, म्हणजे हे दुर्मीळ आहे, पण आपल्या अंगातनं काढलेल्या मांसाचा रिपोर्ट आपल्या हातात असलाच पाहिजे. मागून घ्या.

ग्राहक आयोगाचं म्हणाल तर वाट उघडी आहे. पेशंट हा ग्राहक आहे हे सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगून टाकलंय आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. ओळखीच्या वकिलांनी मात्र आधीच पाणी ओतलं: निकाल आवडला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं होत नाही, दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत लागतं, आणि ते द्यायला डॉक्टर सहसा तयार नसतात. मला खटला नकोच आहे. मला डावी बाजू भरून हवी आहे.

हर्नियाच्या गोष्टीतनं एक विनोदी गुंता तयार झाला, तोही सांगतो. ज्या मुलीशी लग्न ठरलं तिच्या घरी आईनं हर्निया सांगून टाकला, आणि तिच्या वडलांनी ‘जड उचलायचं काम जमेल ना’ असं दाजींना बाजूला घेऊन विचारलं. मग मी तिला कात्यायनीच्या टेकडीवर नेऊन सगळं खरं सांगितलं, फोटोसकट. तिनं फोटो मोठा करून बघितला, आणि “हे दाखवायला एवढ्या लांब आणलंस?” म्हणाली. हळदीला बनियन घालून बसायचं आम्ही ठरवलंय, हल्ली बरेच बसतात.

सेंटरचं आत्ताचं उत्तर असं आहे: दुरुस्तीची सर्जन फी माफ, थिएटर, भूल आणि औषधांचा खर्च माझा, अंदाजे तीस हजार. ऐकायला बरं आहे, पण मी त्यांना तीन गोष्टी लेटरहेडवर मागितल्यात. खड्डा आणि उरलेली ग्रंथी ही दोन्ही त्यांच्या तपासणीत दिसली असं लिहून द्यायचं. चरबी भरायची किती ऑपरेशनं त्यांनी स्वतः केलीत ते सर्जननं समोर बसून सांगायचं, मॅडमनी नाही. आणि एकदा भरलेलं जिरलं तर दुसऱ्या खेपेचा खर्च कुणाचा ते आधी ठरवायचं. पहिल्या मागणीवरच गाडी अडलीय. ‘मॅनेजमेंटशी बोलतो’ असं उत्तर आलंय. मिरजेचा खर्च यापेक्षा वीसेक हजारांनी जास्त पडतो, आणि खरं सांगायचं तर मन तिकडंच झुकलंय.

बाकी कुणी करणार असेल तर जरूर करावं, मी एवढं होऊनही परत दोन बनियन घालायच्या दिवसांत जाणार नाही. फक्त सेंटर निवडताना टीव्हीवरचे फोटो बघू नका, हात वर केलेले फोटो मागा. ज्यांचा निकाल बिघडला अशा पेशंटचं तुम्ही पुढं काय केलं, हे सर्जनला तोंडावर विचारा. ‘आमच्याकडं असं होतच नाही’ असं उत्तर आलं तर कॉफी पिऊन बाहेर पडा, कॉफी चांगली असते. सर्जनची प्लास्टिक सर्जरीची पदवी, म्हणजे एमसीएच किंवा डीएनबी, आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघून घ्या, आणि ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तेच स्वतः तपासणार का, हे पैसे भरायच्या आधी कागदावर घ्या.

पत्राचं उत्तर आलं की तारे कमी-जास्त करीन. सर्जन शनिवारी येतात, परत फोन लावणार आहे.